सुसकारा कुणाच्या मागे जातो

प्रिय खुडबुड,

आता तू एवढ्या मोठ्या नाटकाची मुख्य ध्वनियोजक झालीस, तेव्हा हे नाव सोडून द्यायला हवं, असं तुझा दादा म्हणतो. मी म्हटलं, आधी तिनं दिसेल त्या वस्तूचे स्क्रू उघडायचं सोडावं, मग बघू. लग्न होऊन मी तुमच्या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस, आणि पहिल्याच आठवड्यात माझा माहेरून आणलेला रेडिओ 'नुसता आतून बघते' म्हणत पोट फाडून बसली होतीस. परत जोडल्यावर तुझ्या मुठीत दोन स्क्रू उरले होते आणि रेडिओ मात्र आधीपेक्षा बरा वाजत होता. मला राग यायला हवा होता. पण तू अशी काही बघत होतीस की मीच हसत सुटले, आणि सासूबाईंना वाटलं, सूनबाईचं जरा हललेलं आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? मी वाक्य सुरू करायचं, तू ते संपवायचं आणि वर उत्तरही तूच द्यायचं. मला काही गोष्टी सलग सांगायच्या आहेत. अक्षर थोडं तिरपं येतंय, ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली चालल्यात, तिकडे लक्ष देऊ नकोस. सगळं क्रमानं सांगते. आणि हे पत्र आभाराचं आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुठं घाबरून शेवटचं पान आधी वाचायला जाणार नाहीस. तशी सवय आहे तुला.

इकडची खबर अशी की तुझ्या नाटकाबद्दल पेपरात आलेला लेख दादानं कापून फ्रिजवर चिकटवला आहे. त्यात आवाजाच्या कामाबद्दल एकच वाक्य आहे, पण येणाऱ्याजाणाऱ्याला तो आधी ते वाक्य दाखवतो आणि मग पाणी विचारतो. दूधवाल्यालाही दाखवून झालं. हल्ली तो घरात बराच असतो. भाजी चिरतो, कपडे वाळत घालतो, सगळे उलटे घालतो. आणि रस्त्यानं चालताना माझ्या उजव्या बाजूनंच चालतो, मी कितीही जागा बदलली तरी वळसा घालून परत उजवीकडे येतो. तेही सांगते पुढे.

तू तुझ्या मैत्रिणींना माझी ओळख करून देतेस ती 'माझी वहिनी पुस्तकं ऐकते' अशी, आणि त्या हसतात. पण तेवढंच तर काम आहे माझं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आमची संस्था पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. वाचणारे काचेपलीकडे बसून वाचतात, भोंगा ते मुद्रित करतो, आणि पुस्तक बाहेर जाण्याआधी त्यातला शब्दन् शब्द मी ऐकते. गाळलेली ओळ, गिळलेला आवंढा, खुर्चीची करकर, पोटातली गुरगुर, काही सुटत नाही माझ्या तावडीतून. भोंगा म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक, तुला आठवतच असेल. तो कुजबुजला तरी तिसऱ्या खोलीत ऐकू येतं. त्याला हे नाव ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे.

त्या कामासाठी आम्ही सगळे वापरायचो ते हेडफोन जाडजूड, कानांवर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखे. माझ्या चष्म्याच्या काड्या त्याखाली अशा चेमटायच्या की दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. म्हणून तुझ्या दादानं वाढदिवसाला ते कानाच्या आत बसणारे छोटे हेडफोन आणले. तो दुकानात जाऊन 'सगळ्यात भारी कुठले?' एवढंच विचारतो, हे तुला माहीत आहेच. मी त्यांना बुचं म्हणते, तो दुखावतो. पण बुचं खरंच सुरेख होती. हलकी, डोकं मोकळं, चष्मा मोकळा. फक्त कानात घातली आणि मशीनला, म्हणजे संगणकातला आवाज वाढवून कानांपर्यंत पोचवणाऱ्या आमच्या डब्याला, जोडली की आत सूंऽऽ. पाणी उकळायच्या जरा आधी भांडं जसं बोलायला लागतं, तसा बारीक, सलग सुसकारा. शब्दांच्या मागे, शब्दांच्या मधे, पान उलटताना, सगळीकडे.

पुढचं महाभारत तू फोनवर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहेस. मी पुस्तकं परत पाठवू लागले, शेरा एकच, 'मागे सुसकारा येतो.' भोंगा त्याच्या जुन्या हेडफोनमधून ऐकायचा आणि छताकडे बघून म्हणायचा, काही नाही हो ताई, अगदी स्वच्छ आहे. मी म्हणायचे, आहे. तो म्हणायचा, नाही. आमच्या वाचकबाई, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, इतक्या सज्जन की एकच प्रकरण त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून दिलं. शेवटी वाचताना आवाज नको म्हणून पंखा बंद, वातानुकूलन बंद, घामानं निथळत बसायच्या बिचाऱ्या. आणि मला तरीही सूंऽऽ. वर त्यांचा 'स' टाचणीसारखा टोचायला लागला होता, तो वेगळाच. मला त्यांना सांगवेना.

मग एक दिवस संचालकबाईंनी बोलावून चहा पाजला. त्या चहा पाजतात तेव्हा काहीतरी वाईट असतं. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, इतकी वर्षं ऐकून ऐकून कानही थकत असतील हो तुमचे, थोडी रजा घ्या, मग कार्यालयात एखादं बसून करायचं काम बघू. जे वाजत नाही ते मला ऐकू येतं, अशी ख्याती एकदा झाली की तपासनीस म्हणून मी संपलेच की. खुडबुड, कानांवर पोट आहे माझं. मला दुसरं काम येत नाही, आणि खरं सांगू का, येत असतं तरी नको होतं. कुणीतरी घरात एकटं बसून आपण तपासलेलं पुस्तक ऐकत असेल आणि त्याला एकही ठेच लागत नसेल, हे मला आवडतं. फार आवडतं. दादाला यातलं काही बोलले नाही, तुला बोलले. तू म्हणालीस, कुणाशी भांडू नकोस, मी येतेय.

आणि आलीस. पाठीवर ती शाळेपासूनची वाटावी अशी पिशवी, हातात गुंडाळलेल्या तारा. चहासुद्धा घेतला नाहीस, थेट माझ्याबरोबर कामावर. तो दिवस मी कधी विसरणार नाही. तू भोंग्याला म्हणालीस, काका, काहीही वाजवू नका, नुसती मशीन चालू ठेवा. मग माझी बुचं कानात घालून आवाजाचं बटण शून्यावर नेलंस, तिथून पार टोकापर्यंत फिरवलंस, परत शून्यावर आणलंस. मग मला ऐकायला दिलंस. सुसकारा होता तसाच होता, बटणाला दादच देत नव्हता. तू म्हणालीस, वहिनी, पुस्तकातला आवाज असता तर बटणाबरोबर वाढला असता, कमी झाला असता. हा बटणाच्या पुढे, मशीनच्या पोटातच तयार होतोय. मग त्याच जागी भोंग्याचे जुने हेडफोन जोडलेस. एकदम शांतता. परत माझी बुचं, परत सूंऽऽ. तू भोंग्यालाही दोन्ही ऐकायला लावलंस, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मला भर कार्यालयात तुझा मुका घ्यावासा वाटला. म्हणजे तोही खरा होता आणि मीही खरी होते. आम्ही इतके दिवस दोन वेगळ्या खिडक्यांतून बघून भांडत होतो.

तिथंच तू मला समजावून सांगितलंस, आणि मला समजलं, यातच सगळं आलं. म्हणालीस, ते जुने हेडफोन म्हणजे दादा. उशाशी ढोल वाजला तरी कूस बदलणार नाही, जोरात हलवल्याशिवाय जागा होणार नाही. ही बुचं म्हणजे हलक्या झोपेचं माणूस, मांजर चाललं तरी उठून बसतं. मशीनच्या पोटात थोडी कुजबुज नेहमीच असते. दादाला ती ऐकू येत नाही, बुचांना येते. शिवाय दुसरा घोळ त्या इम्पीडन्सचा, म्हणजे रोधाचा. मोठ्या हेडफोनचा रोध काही शे ओहम, माझ्या बुचांचा जेमतेम सोळा, आणि मशीनच्या स्वतःच्या दारातच शंभरावर ओहमची आडकाठी, कारण ती बांधली त्या जुन्या दणकट मंडळींसाठी. देणाऱ्याचा रोध घेणाऱ्याच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा, असं तू सांगितलंस, आणि इथं तर सगळा उलटा कारभार. बुचांचा रोध प्रत्येक स्वराला थोडा वेगळा, त्यामुळे मशीनच्या अशा दारातून बाहेर पडताना काही स्वर दबतात, काही उगाच वर उठतात. वाचकबाईंच्या 'स'ला टाचणीचं टोक आलं होतं ते त्यामुळे. त्यांच्या दातांचा काही दोष नव्हता, आणि मी त्यांना दंतवैद्याचा पत्ता देण्याच्या बेतात होते.

त्यानंतर आपल्या जेवणाच्या टेबलावर तुझा कारखाना. वर्तमानपत्र पसरलेलं, सोल्डरचा तो जळका वास, आणि दादा लांबून 'टेबल जळेल हं' म्हणत घिरट्या घालतोय. एक रोधक वाटेत आडवा, दुसरा बुचाच्या शेजारी समांतर, आणि दोन्ही कानांना अगदी सारखी जोडी. पहिला नमुना इतका कंजूष निघाला की वाचकबाई शेजारच्या घरातून वाचतायत असं वाटलं. दुसरा फार उदार, सुसकारा परत डोकावला. मग तू आकडे बदललेस आणि तिसरा बरोबर बसला. त्यावर जांभळी नळी चढवून ती आचेवर आवळून घेतलीस, अंगठ्याएवढी वस्तू झाली. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला बुचं. संगणकाचा आवाज भरपूर ठेव, मशीनचं बटण लागेल तेवढंच उघड, असं बजावलंस. पूर्वी मी ते बटण जरा हलवलं की आवाज अंगावर यायचा, आता ते निम्म्यापर्यंत शहाण्यासारखं फिरतं. आणि माझे दोन्ही कान सारखे नाहीत, हेही तूच शोधलंस. उजव्याला मधली रबरी टोपी, डाव्याला लहान. इतकी वर्षं मी त्यांना जुळे समजत होते.

जाताना तू मला तुमच्या धंद्यातली एक रीत शिकवून गेलीस. रंगमंचावर कुठं खरखर आली की तुम्ही भांडत बसत नाही, अदलाबदल करता. डावीकडची वस्तू उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, एका वेळी एकच. दोष त्या वस्तूच्या मागे गेला तर दोष तिचा. जागचा हलला नाही तर पुढची वस्तू हलव. तू म्हणालीस, वहिनी, आवाज कुठून येतोय ते विचारायचं नाही, तो कुणाच्या मागे जातो ते बघायचं. मी तेव्हा 'बरं बाई' म्हटलं. मनात म्हटलं, ही आता मलाही खुडबुड करायला लावणार.

दुसऱ्या दिवशी मी तुझी जांभळी वस्तू लावून वाचकबाईंचं तेच प्रकरण ऐकायला बसले. खुडबुड, काय सांगू! पहिला शब्द यायच्या आधी काहीच नव्हतं. खरोखरचं काहीच नाही. आणि त्या 'काहीच नाही'तून वाचकबाईंनी घेतलेला श्वास ऐकू आला, वाक्य सुरू करण्यापूर्वीचा. इतकी वर्षं मी असे श्वास कापून टाकायला शिकले होते, त्या दिवशी मी तो ठेवला. त्यांचा 'स' मऊ झाला होता, आवाजाला खालची भरदार बाजू आली होती. मी तिथं बसून रडले. भोंग्यानं दारातून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता निघून गेला. संचालकबाईंनी परत चहा पाजला, या वेळी खरोखरचा. माझे कान, माझं काम, माझा शब्द, सगळं तू मला परत मिळवून दिलंस. तेव्हा फोनवर नुसतं 'झकास चाललंय' म्हटलं. तेव्हाचे आभार आत्ता घे.

आता पुढचं. तू तालमींसाठी परत गेलीस त्यानंतर काही आठवड्यांची गोष्ट. एक शांत जागा आली, पात्र काहीतरी आठवून गप्प होतं अशी, आणि त्या शांततेत मला डावीकडे अगदी बारीक सूं ऐकू आलं. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. मी म्हटलं, झालं, खुडबुडबाईंचं सोल्डर सुटलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तुझ्या नावानं बोटं मोडली. मग तुझी रीत आठवली. तुझी वस्तू काढून भोंग्याच्या कपाटातली दुसरी तार लावली. सूं डावीकडेच. वस्तू परत लावली आणि बुचांची अदलाबदल केली, डावं उजव्या कानात, उजवं डाव्या कानात. मला वाटलं, आता उजवीकडे येईल. नाही आलं. बूच बदललं, तार बदलली, मशीनही बदलून बघितली, आणि सुसकारा कुणाच्याच मागे गेला नाही. मग मी बुचं काढून टेबलावर ठेवली, मशीन बंद केली आणि नुसती बसले. डावीकडे सूंऽऽ चालूच होतं. हलवायला आता एकच वस्तू उरली होती, आणि ती मी स्वतः होते.

घाबरलेच मी. पण तुला सांगते, त्याच क्षणी हेही कळलं की हा आवाज कदाचित कधीपासून आहे, मशीनच्या सुसकाऱ्यात लपून बसला होता. तू तो सुसकारा काढला नसतास तर मी हा आवाज आणखी कितीतरी वर्षं मशीनवर ढकलला असता, भोंग्याशी भांडत राहिले असते. कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे आमच्यासारखीच एक मऊ भिंतींची खोली आहे, फक्त तिथं ऐकणाऱ्याचीच परीक्षा. तपासणाऱ्या मुलीनं बारीक बारीक सूर वाजवले, मी हात वर करत गेले. उजव्या कानाचा निकाल बघून ती म्हणाली, बाई, असा कान माझ्याकडे विशीतल्या पोरांचाही येत नाही. डाव्याबद्दल काही म्हणाली नाही. मग मोठ्या यंत्रातून डोक्याचं चित्र काढलं. ऐकण्याच्या नसेवर एक गाठ होती. कर्करोगाची नव्हे, घाबरू नकोस, हळूहळू वाढणारी, साधी, पण जागा अगदी वाईट. डॉक्टरांनी विचारलं, इतक्या लवकर कशा आलात? लोक एका कानाचा फोन दुसऱ्या कानाला लावायला लागतात, वर्षं काढतात, तोल जायला लागला की मग येतात. मी म्हटलं, माझ्या नणंदेनं अदलाबदल करायला शिकवलं आहे. त्यांना काही कळलं नाही, दादाला कळलं. तो डॉक्टरांसमोरच रडायला लागला, आणि मला त्यालाच पाणी द्यावं लागलं.

तुला तेव्हा कळवलं नाही. कळवू दिलं नाही मी, दादाचा यात काही दोष नाही, त्याच्यावर ओरडू नकोस. तुझ्या तालमी चालू होत्या, पहिल्यांदा सगळा आवाज तुझ्या हाती होता, आणि मला माहीत होतं की तू सगळं टाकून पिशवी पाठीला लावून दारात उभी राहशील. मला ते हवं होतं, म्हणूनच सांगितलं नाही. फोनवर तू 'वहिनी, बरी आहेस ना?' विचारायचीस तेव्हा मी पुस्तकांच्या गप्पा काढायचे. आता प्रयोग सुरू झाले, पेपरात आलं, फ्रिजवर लागलं. आता राग यायचा तर येऊ दे.

शस्त्रक्रिया झाली, खुडबुड. होऊन गेली, आणि मी टेबलाशी बसून तुला लिहितेय, म्हणजे पार पडली. गाठ पूर्ण निघाली. चेहऱ्याची नस तिला चिकटूनच जाते, पण गाठ लहान होती म्हणून नस वाचली. मी हसते तेव्हा पूर्ण हसते, दादा रोज तपासून बघतो, त्यासाठी रोज एक फालतू विनोद सांगतो. तोल अजून थोडा जातो, भिंतीला हात लावत चालते, आणि लिहिताना ओळी घसरतात त्या त्यामुळे. व्यायाम दिले आहेत, रोज थोडी सुधारते. आणखी दोनचार वर्षं गेली असती तर काय काय गेलं असतं, त्याची यादी डॉक्टरांनी मला ऐकवली, आणि प्रत्येक शब्दाला मी मनात तुझं नाव घेत होते. अंगठ्याएवढ्या वस्तूनं तू माझं तोंड वाचवलंस, पाय वाचवलेस, कदाचित त्याहून जास्त काही. याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही. मी फक्त सांगतेय.

डावा कान मात्र गेला. वाचवायचा प्रयत्न केला त्यांनी, नाही वाचला. दादा उजवीकडून चालतो तो म्हणून. गंमत म्हणजे कान गेला पण सूं अजून कधीमधी येतं. भाडेकरू गेला आणि भांडी ठेवून गेला. मी रडून घेतलं आहे, तेव्हा तू वाचताना थोडं कमी रडलीस तरी चालेल.

आणि आता कशासाठी लिहायला बसले ते. मागच्या आठवड्यात मी हट्टानं एक दिवस कामावर गेले. संचालकबाई पुन्हा बसून करायच्या कामाचं बोलत होत्या, मी म्हटलं, आधी ऐकून बघते. आमच्याकडे आता नाटकंही मुद्रित होतात, पात्रं डावी-उजवीकडे वाटलेली, अगदी समोर घडतंय असं वाटावं म्हणून. बुचं घातली. बाप उजवीकडे होता, मुलगी डावीकडे. बापानं विचारलं, जेवलीस का? आणि पुढे काही नाही. मग तोच म्हणाला, बरं बरं, रडू नकोस. पुन्हा काही नाही. मग तो हसला, कुणाशी कोण जाणे. सगळा प्रवेश तो असा एकटाच बोलत होता आणि ती तिथं होती, मला ठाऊक होतं की ती आहे. भोंगा म्हणाला, ताई, संगणकात दोन्ही बाजू एक करायची सोय आहे, पण त्या संगणकावर सगळेच बसतात, तुमच्यापुरतं बदललं की पुढच्याचं डावं-उजवं बिघडतं. मी म्हटलं, थांबा, मला विचारायचं आहे एकीला. बुचांची अदलाबदल केली तर मुलगी येईल, पण मग बाप जाईल, आणि मला दोघं एकत्र हवी आहेत. तेव्हा मला दोन्ही बाजू उजव्या कानात आणणारं काहीतरी करून दे, माझ्या पर्समध्ये राहील असं. दोन तारा नुसत्या एकमेकींना जोडून चालत नाही, मधे प्रत्येकीला रोधक लागतो, नाहीतर मशीनच्या दोन बाजू एकमेकींशी भांडतात, एवढं मी वाचून ठेवलं आहे. तू म्हणशील तर तार मीच सोलून ठेवते. प्रयोगांना सुट्टी मिळेल तेव्हा ये, घाई करू नकोस. पण ये. त्या मुलीनं बापाला काय उत्तर दिलं, ते मला ऐकायचं आहे.

एका कानाची, पण पूर्ण तुझीच,
वहिनी